नखे खाणारा रुग्ण आणि प्रकृतीची सबब

वेरूळला दवाखाना थाटून मला सहा वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. म्हैसमाळच्या बाजूच्या एका वाडीवरून आलेली वृद्धा नाडी दाखविण्यासाठी समोर बसली होती. तिच्या मनगटावर तीन बोटे ठेवून मी गंभीर मुद्रेने वातपित्ताचा विचार करीत होतो, तोच ती म्हणाली, "डॉक्टरसायब, तुमची नखं उंदरानं कुरतडली व्हय?" सोबतच्या सुनेने पदर तोंडाला लावला. मी काहीतरी पुटपुटलो आणि नाडी अर्धवट सोडून औषध लिहायला घेतले. तो दिवसभर एकाही रुग्णाच्या मनगटावर माझी बोटे स्थिर राहिली नाहीत. आपण नाडी पाहत असतो त्या वेळी रुग्ण आपली बोटे पाहत असतो, हे मला त्या दिवशी समजले.

इयत्ता चौथीपासून वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मी नखे खात होतो. अष्टांगहृदयाचे पाठांतर डाव्या अंगठ्याचे नख दातात धरूनच केले. पदवीच्या तोंडी परीक्षेच्या वेळी उजव्या तर्जनीतून रक्त येत होते आणि परीक्षक मला नेमके क्षुद्ररोग विचारीत होते. ही कबुली येथे देण्याचे कारण एवढेच की पुढील मजकूर उपदेशकाचा समजला जाऊ नये.

वैद्याने व्यवसायात पाऊल टाकताना कसे असावे, याचे वर्णन सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात केले आहे. त्यात शुभ्र वस्त्राच्याही आधी नखे आणि केस आखूड असण्याचा उल्लेख येतो. शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या चार अनुभवी स्त्रिया सांगितल्या आहेत, त्यांचीही नखे कापलेली असावीत असा दंडक आहे. प्रसूतिगृहात हात निर्जंतुक करण्याचा आग्रह व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ साली धरला आणि त्यापायी त्याला सहकाऱ्यांचा रोष पत्करावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे या एका विशेषणाचे मोल कळते. असो. आमच्या आचार्यांना अभिप्रेत असलेले आखूड नख कापलेले होते, कुरतडलेले नव्हे. कापलेल्या नखाची कड गुळगुळीत राहते. कुरतडलेल्या नखाला कड नसतेच. तेथे उघडे मांस, सोललेली त्वचा आणि तोंडातील लाळ एकत्र येतात, आणि तेच बोट दिवसभर रुग्णांना स्पर्श करीत असते. २०२० च्या महासाथीनंतर बोट तोंडात घालण्याचे दुष्परिणाम कोणा वैद्याला निराळे सांगावे लागू नयेत.

तरीही आपल्या शास्त्रचर्चांत हा विषय येत नाही. गेल्या वर्षी एका बैठकीत मी तो काढला, तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक असे की हा काही व्याधी नव्हे, आईबापांनी दोन चापट्या दिल्या की काम होते. दुसरे उत्तर अधिक विद्वत्तापूर्ण होते आणि म्हणूनच अधिक घातक. ते असे की सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात वातप्रकृतीच्या पुरुषाची लक्षणे देताना ‘दन्तनखखादी’ असा स्पष्ट शब्द वापरला आहे. त्याच अध्यायात पुढे प्रकृती जन्मभर बदलत नाही, बदलली तर ते आयुष्य संपत आल्याचे चिन्ह समजावे, असेही सांगितले आहे. मग जे प्रकृतीतच आहे ते वैद्य कसे घालविणार? थोडक्यात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही या म्हणीला संहितेचा आधार मिळाला आणि सभेने चहा घेतला.

या दुसऱ्या उत्तराचा प्रतिवाद करणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

प्रथम त्या वर्णनाकडे नीट पाहू. तेथे नखे खाणारा पुरुष एकटा येत नाही. तो जागरण करणारा आहे, त्याला थंडी सोसत नाही, त्याच्या हातापायांना भेगा पडतात, त्याचे केस व नखे अल्प आणि रूक्ष असतात. ‘दन्तखादी’ हा शब्द मराठी माणसाला तर समजावूनही सांगावा लागत नाही. झोपेत दातांवर दात घासण्याला आपण आजही ‘दात खाणे’ म्हणतो. एकाच समासात दात आणि नख या दोहोंचे खाणे बसविणाऱ्या आचार्यांनी निरीक्षण किती बारकाईने केले असेल! माझ्याकडे नखांसाठी आलेल्या रुग्णांना मी झोपेविषयी आणि सकाळच्या जबडेदुखीविषयी आवर्जून विचारतो, आणि पुष्कळदा होकार मिळतो.

चरकाचार्यांनी सद्वृत्तात नख खाण्याचा नामनिर्देश केलेला नाही. नखे वाजवू नयेत, पक्षातून तीनदा नखे कापावीत, हे मात्र सांगितले आहे. त्याच प्रकरणात उगाच गवत तोडू नये, मातीचे ढेकूळ चुरडू नये, असेही आहे. गवत तोडण्याने कोणता रोग होतो, असा प्रश्न विद्यार्थिदशेत मला पडत असे. उत्तर मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सापडले. तेथे ढेकूळ चुरडणारा, गवत तोडणारा आणि नख खाणारा असे तिघे एकाच रांगेत बसविले आहेत आणि तिघांनाही विनाशाची भीती घातली आहे. भीतीचा भाग स्मृतिकारांकडे राहू द्यावा. ती रांग मात्र वैद्याच्या कामाची आहे. रिकाम्या हाताची निरुद्देश, नकळत होणारी चाळवाचाळव हे या तिन्ही कृतींतील साम्य होय. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा नखे खाणे, ओठ चावणे यांसारख्या स्वतःच्या शरीरावर पुनःपुन्हा होणाऱ्या कृतींचा एकत्र उल्लेख केला. रांगा लावण्याचा हा उद्योग आपल्याकडे जुनाच आहे.

आता प्रकृतीचा प्रश्न. प्रकृती बदलत नाही हे मान्य. म्हणून वातप्रकृतीच्या माणसाला आपण अभ्यंग सांगायचे थांबवितो काय? त्याच्या भेगाळलेल्या टाचांना सिद्धतैल देताना ‘ही तुमची प्रकृतीच’ असे म्हणून परत पाठवितो काय? चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात प्रकृतीच्या विरुद्ध गुणांचा आचार हेच त्या त्या प्रकृतीचे स्वस्थवृत्त मानले आहे. प्रकृती ओळखायची ती पुढचा उपाय ठरविण्यासाठी. उपाय टाळण्यासाठी तिची सबब सांगणे हा शास्त्राचा अवमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि उपाय त्याच अध्यायात आहे! अंगवळणी पडलेले अहितकर क्रमाक्रमाने, पादांशाने सोडावे आणि हितकर त्याच क्रमाने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत स्वीकारावे, हा पादांशिक क्रम आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. पादांश म्हणजे नेमका किती, यावर टीकाकारांची चर्चा आहे. तिच्यात न शिरता सांगतो की मी हा क्रम बोटांना लावला. दहा बोटांचे चार समान भाग पडत नाहीत, ही अडचण पहिल्याच दिवशी आली. म्हणून प्रथम दोन्ही करंगळ्या वाचवायच्या ठरविल्या. उरलेली आठ बोटे खाण्यास पूर्ण मुभा. ही मुभा ऐकून रुग्णांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते पाहण्यासारखे असते. आजवर त्यांना सर्वांनी ‘सोडा’ एवढेच सांगितलेले असते. करंगळ्या टिकल्या की अनामिका, मग मधली बोटे, आणि तर्जनी व अंगठे सर्वांत शेवटी. दिवसांऐवजी मी आठवड्यांचे अंतर ठेवतो. संहितेत हा क्रम बोटांसाठी सांगितलेला नाही, हा विस्तार माझा आहे, आणि कोणास तो अनुचित वाटल्यास त्यांनी तसे अवश्य लिहावे.

एका रुग्णाची हकिकत येथे देतो. लेण्यांच्या रस्त्यावर त्याचे दगडी मूर्ती आणि स्फटिक विकण्याचे लहानसे दुकान आहे. वय अंदाजे तीस. पर्यटकासमोर मूर्ती धरताना बोटे झाकावी लागतात, ही त्याची तक्रार होती. मी त्याला औषध न देता एक छोटी वही दिली आणि नख तोंडात गेल्याचे लक्षात येईल तेव्हा एक रेघ ओढायला सांगितले. त्याचा, आणि माझाही, अंदाज असा की श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला गर्दी उसळते तेव्हा धावपळीने रेघा वाढत असतील. तीन आठवड्यांनी वही उघडली तर सोमवारी चार-पाच रेघा आणि मंगळवारी चाळीसच्या आसपास. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. दुकान उघडे, गिऱ्हाईक नाही, हात रिकामे. आपण ‘चिंता, चिंता’ म्हणून सर्वांना एकच ब्राह्मीचे औषध देत सुटतो. या माणसाला चिंता नव्हती, त्याला मंगळवार होता. मंगळवारी बसल्या बसल्या मूर्ती तेलाच्या फडक्याने पुसण्याचे काम त्याने स्वतःच लावून घेतले आणि पुढच्या महिन्यात मंगळवारच्या रेघा दहाच्या आत आल्या.

तेलाचा हा योगायोग मला मोलाचा वाटतो. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य आहे, स्पर्श त्वचेच्या आश्रयाने राहतो आणि म्हणून अभ्यंग त्वचेला हितकर, अशी चरकांची उपपत्ती आहे. बोटाचे टोक हे स्पर्शाचे प्रधान ठिकाण. तेथील कड खरखरीत झाली की दुसरे बोट ती चाचपते, आणि चाचपलेली कड दातांकडे जाते. हे चक्र तोडण्यासाठी मी तिळतेलाची लहान बाटली देतो. हात तोंडाकडे निघाला की एक थेंब घेऊन प्रत्येक नखाच्या मुळाशी अंगठ्याने हळुवार गोल चोळायचे. १९७३ साली अझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सवय उलटविण्याची जी पद्धत मांडली, तिचे दोन मुख्य खांब हेच आहेत. आधी जाणीव आणि मग त्याच हाताला दुसरे, एकाच वेळी करता न येणारे काम. २०२३ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २६८ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बोटांची टोके किंवा तळहात हलके चोळण्याची सवय लावलेल्या गटापैकी निम्म्याहून अधिकांना फायदा जाणवला, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. नखे खाणाऱ्यांना त्यातल्या त्यात अधिक लाभ झाला. त्यांनी तेल वापरले नव्हते. आपण वापरावे.

(घृष्णेश्वराची जी कथा आमच्या गावात सांगतात, तिच्यात पार्वती तळहातावर बोटाने कुंकू घोटीत असताना त्या घर्षणातून लिंग प्रकट झाले असे आहे. रुग्ण श्रद्धाळू असेल तर मी ही कथा सांगतो. बोट चोळण्याची आठवण राहते.)

आता फार्मसीमालक बंधुभगिनींसाठी. नखांना लावण्याच्या कडू द्रवाची मागणी वाढली आहे हे मी जाणतो. बाजारातील अनेक लेपांत डेनाटोनियम बेंझोएट असते. १९५८ साली हाती आलेला हा पदार्थ अतिशय कडू म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला पर्याय म्हणून ‘आयुर्वेदिक’ लेप द्यावा असा आग्रह होतो आणि मग कडुनिंबाचे तेल, कोरफडीचा चीक, कधी मिरचीचा अर्कसुद्धा बाटलीत भरला जातो. माझी विनंती आहे की हे थांबवावे. कोरफडीचा पिवळा चीक सुकला की एलिया होतो, आणि एलिया रेचक आहे. मिरचीचे बोट डोळ्यात जाते. निंबतेल लहान मुलांच्या पोटात गेल्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे १९८१ पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ज्या मुलाचे बोट दिवसातून शंभरदा तोंडात जाते त्याच्याच बोटाला आपण ते लावणार! मोठ्या माणसाला आठवण म्हणून चिराइताचे पाणी लावण्यास माझी हरकत नाही. पण आठवणीपलीकडे त्याचा उपयोग धरू नये. मी स्वतः कॉलेजच्या दिवसांत चिराइत लावून पाहिले आहे. पंधरा दिवसांत जिभेला त्याचे सात्म्य झाले आणि नखे पूर्ववत चालू राहिली.

गंमत अशी की कडू रस आपल्या शास्त्रातही नखांसाठी आहे, फक्त तो बाटलीच्या ब्रशवर नाही. नख हा अस्थिधातूचा मल. चरकांनी शरीरातील अस्थींची तीनशे साठ ही संख्या भरताना वीस नखेही मोजली आहेत. अस्थिक्षयात दात व नखे भंगतात असे सुश्रुत सांगतात, आणि अस्थ्याश्रित व्याधींसाठी चरकांनी पंचकर्म, त्यातही बस्ती, आणि तिक्तद्रव्यांनी सिद्ध केलेले दूध व तूप सांगितले आहे. नखे ठिसूळ असतील, त्यांचे पापुद्रे निघत असतील, सोबत केस गळत असतील, तर हा विचार करावा. परंतु त्याआधी रक्त तपासावे. चमच्यासारखे खोलगट झालेले नख पांडुरोगाकडे, लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखविते, आणि अशा रुग्णाला केवळ ‘नखपुष्टी’च्या गोळ्या विकणे हा व्यापार झाला, चिकित्सा नव्हे. शिवाय चांगले अस्थिसार असलेला माणूसही नखे खातोच. त्याला गोळीची गरज नाही. सवय सुटली की नख आपोआप वाढते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे यायला सहा महिने लागतात. ही एक ओळ प्रत्येक काउंटरवर लावली तर महिन्याभरात ‘गुण नाही’ म्हणून परत येणारे रुग्ण आणि परत येणाऱ्या बाटल्या दोन्ही कमी होतील.

नखाच्या कडेला सूज, दाह, पाक दिसला तर तो चिप्प होय, आणि तेथे सवयीची चर्चा बाजूला ठेवावी. उष्ण जलाने सेचन, छेदन करून स्राव, मग तैल, राळेचे चूर्ण आणि बंध असा सुश्रुतोक्त क्रम आहे. पू खोल असेल, लाली बोटावर चढत असेल किंवा रुग्ण मधुमेही असेल, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. अभिघाताने काळे, रूक्ष, खरखरीत झालेले नख म्हणजे कुनख. वर्षानुवर्षे कुरतडणे हाही अभिघातच, असे मी मानतो.

मुलांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. नखे खाणाऱ्या मुलाच्या पोटात कृमी आहेत का हे अवश्य पाहावे, कारण बारीक कृमींची अंडी नखांखालीच अडकतात आणि तेथून पुन्हा तोंडात जातात. गुदकंडू, झोपेत चुळबुळ यांची चौकशी आईकडे करावी. पण कृमिघ्न देऊनही सवय राहते, तेव्हा घरात मारझोड सुरू होते. सहा वर्षांच्या एका मुलीच्या बोटांवर पट्टीचे वळ मी पाहिले आहेत. तिला विचारले, नखे केव्हा खातेस? ती म्हणाली, "बाबा घरी आल्यावर." अशा ठिकाणी चिकित्सा कोणाची करायची, हे सुज्ञ वैद्यास सांगावे लागत नाही. ज्या मुलाला सवय लपवावी लागते त्याच्याकडून वहीत रेघा ओढून घेता येत नाहीत, आणि रेघांवाचून पुढचे काही चालत नाही. म्हणून पहिल्या भेटीत मी मुलाला माझीच बोटे दाखवितो. आणि ज्याची बोटे रोजच रक्ताळतात, जो केसही उपटतो, ज्याची झोप उडाली आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात संकोच करू नये.

निरोगी नख म्हणजे लांब नख, असा एक नवा गैरसमज या सवयीतून सुटलेल्या तरुण-तरुणींत दिसतो. त्यांचा आनंद मी समजू शकतो. परंतु लांब नखे वेरूळच्या दशावतार लेण्यातील नरसिंहाला शोभतात, तेथे त्यांचे काम निराळे होते. आपल्या रुग्णाला पक्षातून दोन-तीनदा नखे कापण्याची आणि कड घासून गुळगुळीत करण्याची सवय लावावी. पूर्वी हे काम न्हाव्याच्या धोकटीतील नराणी करीत असे आणि तो घरी येत असल्यामुळे विसरही पडत नसे. आता नेलकटर प्रत्येक घरात असतो, फक्त तो सापडत नाही. मी दवाखान्यात मेजावर एक ठेवला आहे, आणि खरखरीत कड दिसली की रुग्णाला तेथेच घासायला सांगतो.

माझ्या स्वतःच्या बाबतीत करंगळ्या ते अंगठे हा प्रवास चौदा महिन्यांचा झाला. मध्ये दोनदा, एकदा आईच्या आजारपणात आणि एकदा दवाखान्याच्या जागेच्या वादात, सर्व दहा बोटे पुन्हा खाल्ली गेली. दोन्ही वेळा करंगळ्यांपासून सुरुवात केली. डाव्या अंगठ्याच्या नखाचा एक कोपरा आजही सरळ वाढत नाही. ती म्हैसमाळकडची वृद्धा पुढे दोन वर्षांनी गुडघ्यांसाठी आली, तेव्हा नाडी पाहून झाल्यावर मी हात मुद्दाम मेजावर तसाच ठेवला. तिने बोटांकडे पाहिलेही नाही. गुडघ्याचे तेल या खेपेला जरा जास्त द्या, म्हणाली.